माझ्या घरी पाणी न पिणारे अण्णा

सोनईला माझ्या सासरी काही वर्षं माझ्या वडिलांना लोक जवळजवळ साधू समजत होते, आणि त्याचं सगळं श्रेय त्यांच्या अन्ननलिकेला जातं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी फोनवर त्यांच्याशी इतकी भांडले नसते. भांडले असतेच, पण निदान विषय तरी वेगळा असता.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते कोल्हारला राहतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. आयुष्यभर त्यांनी पाटाची दारं उघडली आणि बंद केली. कोणाच्या शेताच्या चारीला पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं, मधेच कोण पाणी फोडून घेतंय, हे बघायचं त्यांचं काम. पाण्यापायी त्यांनी दोन्ही काठांवरच्या शेतकऱ्यांच्या एवढ्या शिव्या खाल्ल्या आहेत की समोरचा काहीही बोलला तरी मान हलवायची आणि गप्प बसायचं, ही त्यांची पक्की सवय झाली. पुढचा सगळा घोळ या सवयीनंच झाला.

माझं लग्न ठरलं त्या सुमारास अण्णांच्या छातीत कळा यायला लागल्या होत्या. जेवताना, आणि त्यातही काही गार प्यायलं की, छातीच्या मधोमध अशी कळ यायची की ते ताट सोडून छाती धरून बसायचे. सगळ्यांना आधी हृदयच वाटलं. नगरला नेलं, तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं. मग पित्ताच्या गोळ्या झाल्या. शेवटी पुण्यातल्या एका दवाखान्यात नाकातून बारीक नळी घालून, घोट घोट पाणी पाजून अन्ननलिकेचा जोर मोजला आणि निदान झालं की अन्ननलिकेला पेटके येतात. घास ढकलणारी लाट वरून खाली शिस्तीत जायला हवी, ती अण्णांच्यात एकदम सगळीकडून उठत होती, आणि नको तेवढ्या जोरात. त्यांना गोळ्या मिळाल्या, गार पाणी बंद झालं, घरात कोमट पाण्याचा थर्मास आला.

मला मात्र एवढंच सांगितलं होतं की अण्णांना जरा पित्त आहे. लेकीच्या सासरी बापाचं दुखणं कळू द्यायचं नाही, हा आमच्या आईचा कायदा. लेकीला सांगितलं की ते सासरी पोचतंच, म्हणून लेकीलाही सांगायचं नाही, हे त्या कायद्याचं पोटकलम.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला अण्णा मला न्यायला सोनईला आले. दुपारची वेळ, उन्हातून आलेले. सासूबाईंनी कौतुकानं फ्रीजमधल्या बाटलीतलं पाणी तांब्यात ओतून समोर ठेवलं. तांब्याला बाहेरून घाम फुटला होता. अण्णांनी तांब्याकडे पाहिलं आणि तळहात पुढे केला.

"नको."

"आवो घोटभर घ्या की, उनातनं आलात," सासूबाई म्हणाल्या.

"नको नको."

मग ताट वाढून आलं. अण्णांनी पुन्हा तळहात पुढे केला आणि जेवून आलोय म्हणाले. व्याह्यांसमोर घास अडकून छाती धरून बसायची वेळ आली तर काय, ही त्यांची भीती होती. ती त्यांनी सांगितली नाही.

आमच्या भागात एक जुनी रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आता कोणी पाळत नाही. आताचे बाप येतात, चहा पितात, जेवतात, वर जाताना शेंगदाण्याची चटणी बांधून नेतात. पण माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मी ज्यांना मामा म्हणते त्यांना, जुन्या गोष्टींचं विलक्षण वेड. घरात बंद पडलेला रेडिओसुद्धा ते रोज पुसतात. त्यांनी अण्णांचा तो तळहात पाहिला आणि त्यांना भरून आलं.

"आरं व्हय की! आमी इसारलोच," ते म्हणाले. "पाव्हणं जुनी रीत पाळत्यात. नातवंड व्हईस्तवर लेकीच्या घरचं पानी न्हाई. आसा मानूस ऱ्हायला न्हाई आता."

अण्णांनी मान हलवली आणि गप्प बसले.

आठवड्याभरात सगळ्या भावकीला कळलं. मामा लग्नकार्यात आशीर्वादपर भाषणं करतात. लोक सांगत नाहीत, तरी करतात. त्या प्रत्येक भाषणात आता अण्णा आले. "आमच्या व्याह्यांनी तांब्याला शिवून सुदिक बघितलं न्हाई," असं सांगताना मामांचा आवाज कापायचा. ते ऐकून एका चुलत सासऱ्यांनी आपल्या पुणतांब्याला दिलेल्या लेकीकडे पाणी पिणं बंद केलं. ती बिचारी मला एका लग्नात गाठून म्हणाली, "वैनी, तुमच्या वडलांमुळं माझा बाप आता आमच्या दारात बाटली घेऊन येतो आन दाराबाहेर बसून पितो."

माझी तर आगपाखड चालली होती. मी शाळेत विज्ञान शिकवते. जुनाट रूढी कशा मोडाव्यात यावर शाळेच्या कार्यक्रमात भाषण करते, आणि माझाच बाप अख्ख्या तालुक्यात जुनाट रूढीचा पुतळा होऊन बसला होता. मी फोन करून त्यांना फैलावर घ्यायचे.

"अण्णा, हे तुम्ही कधीपासून सुरू केलं? आईचे वडील आपल्याकडे आले की चपला काढायच्या आधी मटण आहे का विचारायचे, मला चांगलं आठवतंय."

"तसं काय न्हाई गं."

"मग पाणी का पीत नाही?"

"तिकडं पाऊस बरा हाय का?"

पण रूढीबिढीचा राग वरवरचा होता. खरं दुखत होतं ते वेगळंच. माझं घर झालं होतं, माझा ओटा होता, माझ्या हातच्या भाकरीला नवराच काय, सासूबाईसुद्धा नावं ठेवत नव्हत्या. येणारा-जाणारा जेवून जात होता. आणि ज्या माणसाच्या ताटात बसून मी जेवायला शिकले, तो तेवढा माझ्या उंबऱ्याच्या आत कोरडा येऊन कोरडा जात होता. अण्णांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की मी आत येऊन त्यांच्यासाठी केलेली भाजी बघत उभी राहायचे. मला ते अजिबात सहन होत नव्हतं.

मग मला दिवस गेले आणि बाळंतपणाला मी कोल्हारला आले. तोवर अण्णांचं छातीत दुखणं थांबलं होतं. थर्मास माळ्यावर गेला होता, गोळ्या त्यांनी आपल्या मनानं बंद केल्या होत्या. "मी बरा झालो," असं ते छाती ठोकून सांगत, आणि आई "देव पावला" म्हणत असे. पण त्यांचं जेवण मला विचित्र दिसायचं. दोन घास खायचे, त्यावर गडूभर पाणी, मग उठून अंगणात जायचं, हात वर करून ताणायचे, टाचांवर दोन उड्या मारायच्या, परत येऊन बसायचं.

"अण्णा, जेवताना मधेच कुठं जाता?"

"कोंबड्या हाकलून आलो."

आई माझ्या कानाशी म्हणाली, "रोज हाकलत्यात. आपल्याकडं कोंबड्या न्हाईत."

मला हसू यायचं. म्हातारपणाचे चाळे, असं म्हणून मी सोडून द्यायचे. त्यांच्या शर्टाची कॉलर सैल झाली होती. चालायला जातो म्हणून वजन उतरलं, असं ते म्हणाले, आणि मी शाबासकी दिली. दरवर्षी मी फळ्यावर अन्ननलिकेची आकृती काढते. बाण काढून घास खाली कसा जातो ते दाखवते, आणि कोणाची आकृती वाकडी असली तर त्याला उभं करते. माझ्या समोर रोज एक अन्ननलिका उड्या मारत होती आणि मी तिला व्यायाम समजत होते.

मुलगी झाली. अण्णा इतके खूश झाले की पेढे वाटायला स्वतः स्टँडपर्यंत गेले. तिकडे सोनईला मामांनी मात्र वेगळीच तयारी मांडली होती. नातवंड झालं, म्हणजे आता रीत पुरी झाली, म्हणजे आता व्याही आमच्या घरी जेवणार. याचा त्यांनी सोहळाच ठरवला. तीन महिन्यांनी आई आणि अण्णा मला आणि बाळाला पोचवायला आले, तेव्हा अंगणात मांडव होता. भावकीतली पन्नासेक माणसं केवळ माझ्या वडिलांना जेवताना बघायला जमली होती. मधोमध पाट, पाटाभोवती रांगोळी, पितळी ताट, त्यात पुरणपोळी, वर तूप, शेजारी कटाची आमटी, कुरडया. मामांनी आधी भाषण केलं. ते लांबलं.

मला कुणी विचारलं तर त्या दिवशी मी आनंदात होते. सोहळ्याची लाज वाटत होती, पण आता अण्णा माझ्या घरी जेवणार, एवढंच डोक्यात होतं. आल्या आल्या पदर खोचून पुरणपोळ्या मी लाटल्या होत्या. मूल तीन महिन्यांचं, पाठ दुखत होती, तरी सासूबाईंना हात लावू दिला नव्हता.

अण्णा पाटावर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर ते मला म्हणाले की दुखायचं थांबलंय, तर आपण पाण्याच्या जोरावर एक पोळी उतरवू, असा त्यांचा हिशोब होता. पहिला घास गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा घास, त्यावर पाणी. तिसरा घास घेतला, पाणी प्याले, आणि अण्णा थांबले. पोळी अडकली होती आणि पाणी तिच्यावर उभं होतं. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. मग ते उठले, दोन्ही हात आभाळाकडे ताणले आणि टाचांवर उड्या मारायला लागले.

मग मागून एक म्हातारी ओरडली, "आगं बया! कोल्हारच्या देवीचं वारं आलं!"

कोल्हारला देवीचं मोठं ठाणं आहे, आणि अण्णा तिथलेच. एवढं लोकांना पुरलं. बायकांनी पदर पसरले. मामा हात जोडून उभे राहिले, त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. कोणीतरी पळत जाऊन हळद-कुंकवाचा करंडा आणला आणि उड्या मारणाऱ्या अण्णांच्या कपाळाला मळवट भरला. एका चुलत दिरानं तर लगेच पुढे होऊन विचारून घेतलं, "आई, बोअरला पानी कुठं लागंल ते सांग!"

अण्णांनी एका हातानं त्याला ढकललं, दुसरा हात तोंडावर दाबला आणि ते मागच्या दारानं गोठ्याकडे पळाले. चुलत दिरानं ते ज्या दिशेला पळाले ती दिशा नीट लक्षात ठेवली. पुढं त्यानं खरंच गोठ्यामागं बोअर घेतलं.

मी बाळाला घेऊन मागं धावले. अण्णा गव्हाणीच्या आधारानं वाकले होते. पोळी जशी गेली तशी बाहेर आली होती, पाण्यासकट. कपाळावर मळवट, नाकातून पाणी, शर्ट ओला. मी आधी घाबरले आणि मग संतापले, माझं नेहमी असंच होतं.

"अण्णा, किती दिवस चाललंय हे?"

"आगं ते दुखायचं ना, ते गेलं. ते बरं झालं," ते धापा टाकत म्हणाले. "हे दुसरंच हाय."

तिथंच, गाईच्या समोर, त्यांनी मला सगळं सांगितलं. नाकातली नळी, पेटके, थर्मास, गार पाण्याचा तांब्या. दुखणं थांबल्यापासून घास खाली जातच नाही, पाणी ओतून ओतून ढकलावा लागतो, आडवं झालं की जेवलेलं परत घशाशी येतं, हेही सांगितलं. आईला माहीत होतं का विचारलं तर म्हणाले, "तिला वाटतं मी बरा हाय. मलाबी वाटत हुतं."

आम्ही परत मांडवाच्या दाराशी आलो तर आत नवीनच सूर लागला होता. माझ्या एक चुलत सासूबाई आहेत, त्यांना प्रत्येक गोष्टीचा अर्थ आधी कळतो. त्या हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशा, सांगत होत्या, "पोरगी झाली ना. देवीला मान्य न्हाई. म्हनून घास घिऊ दिला न्हाई. पोरगा व्हईस्तवर ह्यांची रीत सुटायची न्हाई."

माझ्या कडेवर माझी लेक होती. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी तोंड उघडलं, पण त्याआधीच कोणीतरी बोललं, आणि ते अण्णा होते. आयुष्यभर पाटावर शिव्या खाऊन गप्प बसलेला माणूस मळवटासकट मांडवाच्या मधोमध जाऊन उभा राहिला होता.

"माझ्या नातीचं नाव कुनी काढायचं न्हाई," ते म्हणाले. "देवी न्हाई, वारं न्हाई, काय न्हाई. माझी अन्ननलिका खराब हाय. घास उतरत न्हाई मला."

मामा दोन पावलं पुढं आले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"पन पाव्हणं... ती रीत? ते पानी न पिनं?"

"रीत कसली आलीय. तुमचं पानी गार हुतं."

मामा पाटावर बसले. त्याच, अण्णांच्या पाटावर. किती लग्नांत आपण काय काय बोललो ते बहुतेक त्यांना आठवत असावं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "आवो, मग कोमट मागायचं की." आणि त्यांनी पुणतांब्याला फोन लावायला सांगितला, त्या लेकीला कळवायला की आता तिच्या बापानं तिच्याकडे पाणी प्यायला हरकत नाही.

चार दिवसांनी मी अण्णांना घेऊन पुण्याला गेले. मामा बरोबर आले. कोणी बोलावलं नव्हतं, पण जी श्रद्धा त्यांची रीतीवर होती ती आता त्यांनी अन्ननलिकेवर ठेवली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. अण्णांनी पिशवीतून जुना रिपोर्ट काढला आणि सात-बाराचा उतारा ठेवावा तसा टेबलावर ठेवला.

"ह्याच्यात सगळं हाय. पेटके. परत नळीबिळी घालायची गरज न्हाई."

"काका, हा रिपोर्ट जुना झाला," त्या म्हणाल्या. "तेव्हा हा आजार असा होता. आता कसा आहे ते परत बघायला लागेल."

"आजार तोच हाय की. माणूस बी तोच हाय."

"माणूस तोच आहे, आजार बदलला असेल. सगळ्यांचं असं होत नाही. कुणाचं वर्षानुवर्षं तसंच राहतं, कुणाचं आपोआप कमी होतं. पण थोड्या लोकांत हे रूप पालटतं. तुमचं दुखणं थांबलं ते बरं झालं म्हणून थांबलं असं नाही. अन्ननलिकेत आता दुखवण्याइतका जोरच उरला नसेल."

अण्णांना हे फार लागलं. आजारानं न सांगता बदलावं हे त्यांना विश्वासघातासारखं वाटलं. "म्हंजी निवडून एका पॅनलमधनं आला आन बसला दुसऱ्यात," ते मला बाहेर बाकावर म्हणाले. आमच्या जिल्ह्यात कारखान्याच्या निवडणुका बघितलेल्या माणसाला हे समजावून द्यावं लागत नाही. मामांनी दोन-तीन संचालकांची उदाहरणंही दिली.

नळी पुन्हा नाकातून गेली. पांढरं, खडूसारखं पाणी पाजून एक्स-रे काढले. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. अन्ननलिका वर फुगून पिशवीसारखी झाली होती, त्यात लाट अशी उरलीच नव्हती, आणि खाली जठराशी ती पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती होऊन बंद होती. घास आला की तिथला स्नायू सैल पडायला हवा, तो पडतच नव्हता. मी पडद्याकडे बघत राहिले. माझ्या फळ्यावरच्या आकृतीत तिथं नेहमी मी एक छोटी रेघ काढते आणि पुढं जाते.

अण्णांनी पडद्यावर बोटानं वरून खाली रेघ ओढली. मग म्हणाले, "म्हंजी आधी पाटाला उसळ्या येत हुत्या. आता पाट फुगलाय आन खालचं दार उघडंना झालंय."

"बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कधीपासनं?"

"ते नक्की नाही सांगता येणार. कदाचित पहिल्यापासूनच याच वाटेवर असेल, तेव्हा दिसलं नसेल. म्हणून तर मधेमधे दाखवायला यायचं असतं. तुम्ही बरं वाटलं म्हणून आलाच नाहीत."

"पाटाचं तसंच हाय," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. "तक्रार येनं बंद झालं की आमी बघायला जायचो न्हाई."

उपाय होता तो तोंडातून दुर्बीण घालून आतूनच तो खालचा स्नायू कापायचा. कापायचा म्हटल्यावर आईनं कोल्हारला देव पाण्यात ठेवले. मी धीट असल्याचं सोंग केलं. आत नेताना अण्णांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "पोळी चांगली झाली हुती गं. लई मऊ. चव लागली मला." त्यांना आत नेल्यावर मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. मामा शेजारी उभं राहून मला अन्ननलिकेची माहिती देत होते. ती सगळी माहिती चुकीची होती, पण माझ्या जवळ कोणीतरी बोलत होतं हे बरं वाटलं.

अण्णांचं निभावलं. मग कितीतरी दिवस नुसतं पातळ. पेज, ताक, गाळलेली डाळ. हळूहळू मऊ भात सुरू झाला. बाईंनी बजावलं की आता दार उघडं झालंय तर खालचं आंबट वर येणार, त्याची गोळी घ्यायची, उशी उंच घ्यायची, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, आणि कितीही बरं वाटलं तरी ठरल्या वेळी येऊन दाखवायचं, कारण हे पुढंही बदलू शकतं. "म्हंजी आता जन्मभर आवर्तन," अण्णा म्हणाले. पाटाला पाणी सुटायची जशी पाळी असते तशी त्यांनी दवाखान्याची पाळी मनाशी धरली. थर्मास माळ्यावरून खाली आला.

तोवर माझी लेक सहा महिन्यांची झाली आणि तिचं उष्टावण ठरलं. बाळाला पहिला अन्नाचा घास त्याच्या आईच्या भावानं द्यायचा असतो. मला भाऊ नाही, म्हणून तो मान अण्णांचा. या वेळी मांडव नाही, भाषण नाही, अशी मी ताकीद दिली होती. घरातलीच माणसं होती, आणि त्या चुलत सासूबाई होत्या, कारण त्यांना कोणी थांबवू शकत नाही.

सासूबाईंनी मऊ भात कालवला, तूप घातलं, मीठ चवीपुरतं. चांदीच्या वाटीत बाळाचा. मग तोच भात दुसऱ्या वाटीत घालून त्यांनी अण्णांपुढे ठेवला. "दोघान्ला सारखंच," त्या म्हणाल्या. बाळाच्या गळ्यात लाळेरं होतं. अण्णांनी स्वतःहून खांद्यावरचा टॉवेल काढून पुढ्यात अंथरला. काय सांगता येतं!

अण्णांनी बाळाच्या तोंडात भाताचं शीत ठेवलं. तिनं ते तोंडात घोळवलं, विचार केला आणि फुर्रकन आजोबांच्या शर्टावर उडवलं. सगळे हसले.

मग अण्णांनी आपल्या वाटीतला घास घेतला. आता कोणी हसेना. मामा न राहवून कुजबुजले, "आता खाली चाललाय... आता दाराशी आला आसंल..." सासूबाईंनी त्यांना कोपर मारलं. अण्णा सरळ बसून होते. ते उठले नाहीत, हात वर केले नाहीत. त्यांनी गिळलं, थोडा वेळ वाट बघितली, आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. चुलत सासूबाईंनी अर्थ लावायला तोंड उघडलं, पण त्यांना काही सापडेना.

वाटी निम्मी झाल्यावर अण्णांनी हात माझ्याकडे लांब केला. तळहात नको म्हणणारा नव्हता, वर वळलेला होता.

"पानी दे गं."

सासूबाई सवयीनं फ्रीजकडे वळल्या. "फ्रीजला हात लावायचा न्हाई!" मामा एवढ्यानं ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं. मी हंड्यातलं साधं पाणी पेल्यात भरलं. थोडं फरशीवर सांडलं. अण्णांनी पेला घेतला आणि माझ्या घरचं पाणी सावकाश, घोट घोट करत शेवटपर्यंत प्याले.

पेला परत देत म्हणाले, "आजून दे."

मी हंड्याकडे वळले आणि एवढासा पेला भरायला मी पुष्कळ वेळ लावला.